स्विच स्वस्त, सेवा महाग

गावोगाव फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११मध्ये ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने मंजूर झाली आणि पुढे तिचेच ‘भारतनेट’ झाले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुधारित आराखड्याला मान्यता दिली. त्याचा खर्च आहे १,३९,५७९ कोटी रुपये. ग्रामपंचायतीपर्यंत आलेले फायबर तिथून घराघरात पोहोचवायचे आणि ते काम स्थानिक उद्योजकांना सोबत घेऊन करायचे, हा या आराखड्याचा महत्त्वाचा भाग आहे. बातम्यांमध्ये चर्चा होते ती किती किलोमीटर केबल टाकली याची. पण जमिनीतली काच सहसा आपणहून बिघडत नाही. जेसीबीने तोडली नाही, तर ती वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करते. बिघडतात ते तिच्या टोकांना आणि वाटेत बसवलेले विजेवर चालणारे डबे. त्यातलाच एक म्हणजे नेटवर्क स्विच. निवडताना त्याच्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि तक्रारी मात्र बऱ्याचदा त्याच्यापाशीच येऊन थांबतात.

हा स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखे त्याचे काम असते. एका दाराने माहितीची पाकिटे येतात, त्यांच्यावरचा पत्ता वाचून तो ती नेमक्या दाराने पुढे सोडतो. एक गिगाबिटच्या एका दारातून सर्वात लहान आकाराची पाकिटे आली, तर सेकंदाला सुमारे १४.८८ लाख पाकिटांचे पत्ते वाचावे लागतात. अशी २४ दारे आणि वर जाणारी १० गिगाबिटची चार दारे असलेला स्विच पूर्ण क्षमतेने चालायचा असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात १२८ गिगाबिट क्षमता आणि सेकंदाला सुमारे ९.५ कोटी पाकिटे हे आकडे दिसले पाहिजेत. हल्ली बहुतेक स्विच या परीक्षेत उत्तीर्ण होतात, कारण आतली चिप मोजक्याच कंपन्यांची असते आणि तीच चिप वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत विकली जाते. म्हणजे किमतीतला फरक मुख्यतः वेगाचा नसतो. तो वीजपुरवठ्याच्या भागाचा, उष्णता सोसण्याच्या ताकदीचा, सॉफ्टवेअरचा आणि हमीचा असतो. डबा बंद असताना यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही.

पहिला प्रश्न मात्र स्विच हवाच का, हा असायला हवा. घरापर्यंत फायबर नेण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ‘जीपॉन’ पद्धतीत एका फायबरवरचा प्रकाश काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. खाली येणारा सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट वेग सगळ्यांत मिळून वापरायचा. अंतर साधारण २० किलोमीटरपर्यंत चालते आणि मुख्य म्हणजे विभाजकाला वीज लागत नाही. कोकणातल्या वाड्या किंवा मराठवाड्यातल्या विखुरलेल्या वस्त्या यांच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे, कारण वाटेत बंद पडेल असे काही नसतेच. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक घराला स्विचचे स्वतंत्र दार मिळते. दाट वस्तीची इमारत, बाजारपेठ, शाळा-दवाखाना-पंचायत यांचा एकत्रित आवार आणि अनेक ठिकाणचे फायबर जिथे गोळा होते ते केंद्र ही त्याची योग्य ठिकाणे. जिथे विभाजकाने भागते तिथे स्विच न घेणे, ही सर्वात मोठी बचत.

जिथे स्विच लागतोच तिथे खर्चाचा हिशेब कसा करायचा, हा खरा मुद्दा. निविदेत ‘एल-वन’ म्हणजे सर्वात कमी दर सांगणारा जिंकतो आणि लहान केबलचालकही बाजारात हाच नियम लावतो. एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, वाचकांनी आपापले घालून पाहावेत. एक स्विच ८ हजारांचा, पंख्याचा, ४० वॅट वीज खाणारा. उन्हात ठेवलेल्या पेटीत तो दोन वर्षे टिकतो. दुसरा २० हजारांचा, बिनपंख्याचा, २० वॅटचा, सहा वर्षे टिकणारा. सहा वर्षांत पहिल्या प्रकारचे तीन स्विच लागतील, म्हणजे २४ हजार. ४० वॅट अखंड चालले तर वर्षाला ३५० युनिट होतात. १० रुपये दराने सहा वर्षांचे २१ हजार. बिघाडासाठी वर्षाला तीन फेऱ्या आणि फेरीला एक हजार धरले, तर आणखी १८ हजार. एकूण ६३ हजार. दुसऱ्यासाठी खरेदी २० हजार, वीज साडेदहा हजार आणि वर्षाला एक फेरी धरून ६ हजार, म्हणजे साडेछत्तीस हजार. यात सेवा बंद असताना गेलेले ग्राहक धरलेलेच नाहीत. मात्र हाच ८ हजारांचा स्विच थंड खोलीत आणि चांगल्या विजेवर ठेवला, तर तोही पाच-सहा वर्षे टिकू शकतो आणि मग तोच घेणे शहाणपणाचे ठरते. स्वस्त वस्तू वाईट असते असे नाही. तिला चुकीच्या जागी बसवले जाते.

ही जागा आपल्याकडे कठीण असते. साध्या स्विचच्या माहितीपत्रकात ० ते ४० किंवा ५० अंश सेल्सियस तापमान दिलेले असते. विदर्भात मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि खांबावरच्या लोखंडी पेटीत ते त्याहून बरेच जास्त असते. वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंशांची भर पडली की साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. पंखा असेल तर धूळ आत खेचली जाते, पंखा अडकतो आणि तापमान आणखी चढते. उणे ४० ते ७५ अंशांपर्यंत चालणारे औद्योगिक दर्जाचे स्विच महाग असतात. ते सगळीकडे घेणे परवडणारे नाही, पण पेटीत बसणाऱ्या जागी त्यांचाच विचार व्हावा. उरलेल्या ठिकाणी पेटीला सावली, हवा जायला जाळी आणि चांगले अर्थिंग एवढ्याने बरेच भागते. बॅटरीवर थेट चालणारा, १२ किंवा ४८ व्होल्टचा स्विच घेतला तर भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरची गरजही उरत नाही.

वळवाच्या पावसात एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीकडे ताणलेल्या तांब्याच्या लॅन केबलमुळे एकाच विजेच्या कडकडाटात डझनभर दारे जळतात, हे केबल व्यवसायातल्या लोकांना सांगायला नको. काच वीज वाहून नेत नाही. म्हणून इमारतींमध्ये फायबर आणि तांबे फक्त इमारतीच्या आत, हा नियम पाळला तर हे नुकसान जवळजवळ संपते. त्यासाठी फायबरचे मॉड्युल बसेल अशी पुरेशी दारे स्विचला हवीत. ते मॉड्युल त्याच कंपनीचे लागते की कोणतेही चालते, हे खरेदीआधी विचारावे. काही कंपन्या आपलीच मॉड्युल चालतील अशी कुलपे सॉफ्टवेअरमध्ये घालतात आणि स्वस्तात दिलेल्या स्विचची वसुली तिथून होते.

दुसरी काटकसर महागात पडते ती ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे बाहेरून नियंत्रण करता न येणारा स्विच घेण्याची. एखाद्या ग्राहकाने घरच्या राउटरची वायर चुकीच्या दारात लावली, तर तो राउटर शेजाऱ्यांच्या यंत्रांनाही चुकीचे पत्ते वाटू लागतो आणि अख्ख्या सोसायटीचे नेट जाते. ‘डीएचसीपी स्नूपिंग’ ही सोय असलेला स्विच हे पत्ते अडवतो. प्रत्येक दार दुसऱ्यापासून वेगळे ठेवणे, व्हीलॅन, पाकिटांचा पूर आवरणे आणि चुकून जुळलेले वर्तुळ ओळखणे या सोयी त्याच जातीच्या. स्विच दुरून दिसत असेल तर तंत्रज्ञ कार्यालयात बसून सांगू शकतो की वीज गेली आहे की फायबर तुटले आहे. एवढ्याने निम्म्या फेऱ्या वाचू शकतात. याउलट प्रत्येक दाराला १० गिगाबिट, केबलमधून वीज देण्याची सोय किंवा राउटरची सगळी गुंतागुंतीची कामे यांची घराघरांतल्या जोडणीसाठी सहसा गरज नसते. पैसे वाचवायचे ते इथे.

वरच्या दाराची कंजुषी मात्र करू नये. २४ घरांचा एक स्विच एक गिगाबिटच्या दारावर आरामात चालतो, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. पण असे आठ स्विच एकापुढे एक जोडले तर १९२ घरे त्याच एका गिगाबिटवर येतात. संध्याकाळी सगळ्यांनी पडदे उघडले की वाट्याला सुमारे ५ एमबीपीएस येतात, म्हणजे जेमतेम एक एचडी चित्रपट.

साखळीचा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. प्रत्येक स्विच ९९ टक्के वेळ चालतो असे मानले, तरी एकापुढे एक असलेल्या चार स्विचपलीकडचे गाव ९६ टक्केच वेळ जोडलेले राहते. म्हणजे वर्षातले चौदा दिवस ते तुटलेले. सुधारित भारतनेटमध्ये सरळ रेषेतल्या मांडणीऐवजी वर्तुळाकार मांडणी स्वीकारली आहे ती यासाठीच. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट मिळते. हाच नियम पंचायतीपासून पुढच्या जाळ्यालाही लागू आहे. वर्तुळ जोडायचे असेल तर ते सांभाळणारी सोय स्विचमध्ये असलीच पाहिजे. ईआरपीएस हे मानक ५० मिलिसेकंदांत वाट बदलण्याच्या हिशेबाने बनवले आहे. ही सोय नसताना वर्तुळ जोडले तर पाकिटे त्यात फिरतच राहतात आणि सगळे जाळे बसते.

सुरक्षिततेचाही हिशेब आहे. २०१६मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन इंटरनेटवर मोठे हल्ले केले. ज्या डब्याचे सॉफ्टवेअर कोणी अद्ययावत करत नाही, तो असाच कोणाच्याही हाती लागू शकतो. भारतात १५ जून २०२१पासून दूरसंचार परवानाधारकांना फक्त ‘विश्वासू स्रोता’कडून आलेली उपकरणेच जाळ्यात जोडता येतात. शिवाय २८ एप्रिल २०२२च्या ‘सर्ट-इन’च्या आदेशानुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना, आधार संपलेला स्विच दोन्ही बाबतीत अडचणीत आणू शकतो.

या सगळ्याचा भार शेवटी कोणावर पडतो? गावच्या आरोग्य केंद्रातून ‘ई-संजीवनी’वर शहरातल्या डॉक्टरांशी बोलणाऱ्या रुग्णावर, ऑनलाइन अर्जाच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या विद्यार्थ्यावर आणि पीएम-किसानची केवायसी करायला आलेल्या शेतकऱ्यावर. पेटीतला डबा उन्हाने बंद पडला तर कागदावर ते गाव ‘जोडलेले’च राहते.

सुधारित भारतनेटच्या कंत्राटात एक गोष्ट योग्य आहे. जाळे उभारणाऱ्यालाच ते दहा वर्षे चालवायचे आहे. ज्याला दुरुस्तीचा खर्च सोसायचा आहे तो स्वस्त डबा घेताना दोनदा विचार करेल. पंचायतीपासून घरापर्यंतचा टप्पा मात्र लहान उद्योजकांच्या हाती आहे आणि त्यांच्याकडे दहा वर्षांचे भांडवल नसते. त्यांना दिल्या जाणाऱ्या मदतीत उपकरणांची किमान पात्रता ठरवून द्यावी. तापमान, दुरून नियंत्रण, सॉफ्टवेअर किती वर्षे मिळणार आणि बदली डबा किती दिवसांत येणार, एवढे चार रकाने पुरतील. गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी आणि सरपंचांनीही वेग किती, याच्या जोडीने गेल्या महिन्यात सेवा किती तास बंद होती, हे लेखी विचारावे. उत्तर देता येत नसेल, तर स्विच कितीला घेतला हे वेगळे विचारावे लागणार नाही.