विनामूल्य आहे, सर्वसुलभ आहे का?

मुळा धरणाचे आवर्तन कधी सुटणार, हा राहुरी तालुक्यात गावोगावच्या पारावर चर्चिला जाणारा नित्याचा प्रश्न आहे. धरणाची क्षमता २६ टीएमसी. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला या आकड्यापेक्षा आपल्या चारीला पाणी किती दिवस राहणार, याचीच चिंता अधिक. म्हणूनच हाती आलेले पाणी पिकाला नेमके किती आणि केव्हा द्यावे, हे ज्ञान या परिसरात पाण्याइतकेच मोलाचे ठरते. हे ज्ञान निर्माण करणारी संस्थाही याच तालुक्यात आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पश्चिम व उत्तर महाराष्ट्रातील १० जिल्ह्यांचे आहे.

विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ अनेक शेतकरी कुटुंबांच्या परिचयाची आहे. या पुस्तकाचा एक गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते उघडणाऱ्याचे नाव विचारत नाही, परवलीचा शब्द मागत नाही. आजोबांची दृष्टी अधू झाली असेल, तर नात ते मोठ्याने वाचून दाखवते. एका घरातील प्रत चार घरे फिरून येते. ज्ञान सर्वांचे असणे म्हणजे काय, याचा हा साधा वस्तुपाठ आहे.

आता हेच ज्ञान पुस्तकातून पडद्यावर आले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाच्या अंतर्गत विद्यापीठात हवामान अद्ययावत शेती व जलव्यवस्थापनाचे केंद्र उभे राहिले. तेथील शास्त्रज्ञांनी ‘फुले जल’ व ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ ही साधने विकसित केली. त्यांच्यामागील शास्त्र समजण्यास अवघड नाही. तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश यांवरून त्या दिवशी जमीन व पिकातून किती पाणी हवेत जाईल, हे काढता येते. पीक कोणते व किती दिवसांचे, यानुसार त्या आकड्याला एका गुणांकाने गुणले की पिकाची त्या दिवसाची गरज कळते.

समजा, ती गरज ५ मिलिमीटर आली. एका एकराला सुमारे २० हजार लिटर पाणी झाले. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर साडेबावीस हजार लिटर सोडावे लागेल. संच ताशी १६ हजार लिटर पाणी देत असेल, तर पंप सुमारे १ तास २५ मिनिटे चालविणे पुरेसे आहे. अंदाजाने तीन तास चालविणारा शेतकरी दुपटीहून अधिक पाणी व वीज खर्च करतो आणि मुळांपाशी दिलेले खतही खाली वाहून घालवितो. हा हिशेब विनामूल्य मिळू लागला, ही विद्यापीठाची मोठीच सेवा होय.

परंतु विनामूल्य असणे आणि सुलभ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे आड भरलेला आहे. तोकडा पडतो तो दोर.

हा दोर कोठे तोकडा पडतो, ते पाहू. कोणतेही ॲप घ्यायचे म्हटले की फोनमध्ये जागा हवी, फोनची प्रणाली पुरेशी नवी हवी, खाते हवे. जुना फोन वापरणारा पहिल्याच पायरीवर थांबतो. त्यानंतर नोंदणी येते. घरातील एकच मोबाइल क्रमांक मुलाच्या नावावर आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. मग सांकेतिक आकडा पुण्याच्या फोनवर जातो आणि शेतातील माणूस ताटकळतो. ते पार पडले तर इंग्रजी शब्द आणि नेमक्या शेतातच न मिळणारे नेटवर्क. असा माणूस मग तालुक्याच्या गावी संगणक केंद्रात जातो आणि जे फुकट आहे त्यासाठी प्रवासखर्च, केंद्रचालकाचे पैसे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मोजतो.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी युरोपातील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्रज्ञान सर्वांसाठी खुले केले; त्यावर कोणाचे शुल्क वा मालकी उरली नाही. या निर्णयामुळेच आज कोणत्याही कंपनीच्या फोनवर, संगणकावर किंवा गावच्या ग्रंथालयातील जुन्या यंत्रावर ब्राउझर उघडून तेच पान पाहता येते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनाला आधी काही उतरवून घ्यावे लागत नाही; पत्ता टाकला की काम सुरू. योग्य रीतीने रचले, तर एकदा उघडल्यानंतर ते नेटवर्कविनाही हिशेब करू शकते, कारण गुणाकार-भागाकार करण्याची क्षमता साध्या फोनमध्येही असते. या तंत्राचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ‘महाभूलेख’वर सातबारा माहितीसाठी विनाशुल्क पाहता येतो आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, तो ब्राउझरच्याच मार्गाने.

‘सर्वांसाठी’ या शब्दाची खरी कसोटी याच्याही पुढे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या प्रणालीच्या आधारे संगणक चालवते. ‘एनव्हीडीए’ ही अशी विनामूल्य प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन तरुणाने लिहावयास घेतली. आज ती मराठीही वाचते. मात्र मजकूर युनिकोडमध्ये नसेल, तर तिच्या तोंडून निरर्थक अक्षरे बाहेर पडतात, आणि मजकुराचे छायाचित्रच चिकटवले असेल, तर ती मौन पाळते. परिपत्रकांच्या स्कॅन केलेल्या प्रती जागोजागी चढविणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा. बटणांना नावे देणे, अक्षर व पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक ठेवणे, माउसविना केवळ कळफलकाने काम होऊ देणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. वाढत्या वयात चष्म्याचा क्रमांक बदललेल्या प्रत्येकाला त्याचा लाभ होतो.

यात कायद्याचे पाठबळही उणे नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूत्रे २००९ मध्येच आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. सर्न ने ज्या तारखेला वेब सर्वांना देऊन टाकले, त्याच तारखेला ३२ वर्षांनी हा निर्णय यावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

मग खर्चाचे काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील आणि तो रास्त आहे. साधन फुकट दिले तरी ते चालते ठेवण्यास पैसा व माणसे लागतात. प्रकल्पाची मुदत संपली की संकेतस्थळही मावळते, हा अनुभव विरळा नाही. दुसरीकडे, काही ‘मोफत’ साधने शेतकऱ्याचा क्रमांक, पीक आणि गाव यांची माहिती गोळा करून त्यावर आपला खर्च वसूल करतात. म्हणून सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या साधनाच्या देखभालीची तरतूद संस्थेच्या नियमित अंदाजपत्रकात असावी, त्याची आज्ञावली खुली असावी आणि हिशेबासाठी नावाची नोंदणी सक्तीची नसावी. पुस्तकाच्या पुनर्मुद्रणासाठी पैसा काढणाऱ्या व्यवस्थेला हे अशक्य वाटू नये.

शासनाने काय करावे, हे सांगून समाजाची जबाबदारी मात्र संपत नाही. गावातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सुटीत चार शेतकऱ्यांसोबत बसून असे एखादे साधन त्यांच्याच फोनवर उघडून पाहावे. ते कोठे अडखळतात ते टिपून घ्यावे आणि ती टिपणे साधन करणाऱ्यांकडे पाठवावीत. भाषेची जाण असलेल्या शिक्षिकेने बटणांवरच्या इंग्रजी शब्दांना शिवारातील मराठी शब्द सुचवावेत. ग्रंथालयाच्या चालकाने एक संगणक यासाठी खुला ठेवावा. या कामांना निधी लागत नाही. वेळ आणि आत्मीयता लागते.

ज्या महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव विद्यापीठ धारण करते, त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याला नाकारलेल्या विद्येत पाहिले होते. आज विद्या नाकारणारा कोणी समोर दिसत नाही. नोंदणीचा रकाना, परकी लिपी आणि न वाचता येणारे चित्र तेच काम निमूटपणे करतात. आवर्तनाचे पाणी चारीच्या टोकापर्यंत पोहोचले, तरच ते सुटले असे टोकाचा शेतकरी मानतो. ज्ञानाच्या आवर्तनालाही हेच माप लावावे लागेल.