झुंड म्हणता कुणाला?

नागराज मंजुळेचा 'झुंड' ४ मार्च २०२२ ला लागला. खान्देशातही लागला. त्यावर आपल्या जळगाव-धुळ्याच्या शहाण्यासुरत्या लोकांनी जी मतं दिली ती गोळा करायला आम्ही वही घेऊन हिंडलो नाही. चहाच्या टपरीवर, ऑफिसात, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत ती आपोआप कानावर पडली. अजून पडतात, कारण आता सिनेमा थेटरातून गेला तरी मोबाईलवर जिवंत राहतो. 'पोरं कामं चांगली करतात हो, पण एवढ्या चोऱ्यामाऱ्या कशाला दाखवायच्या?' 'जयंतीचा डीजे मधेच कशाला घुसवला? सिनेमात जात आणायची गरज काय?' 'मॅचपर्यंत बरा आहे, पुढं फार लांबला.' आणि सगळ्यांचं लाडकं मत, 'असल्या पोरांना शिस्त पाहिजे भो, त्याशिवाय ती सुधरायची नाहीत.'

असल्या म्हंजे कसल्या? हे मत देणारा माणूस पुढचं सांगत नाही. त्याला वाटतं, आपल्याला कळलंच असेल. कळलं, बाबा. दोन हजार वर्षांपासून कळतंय.

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं. मालगाडीतला कोळसा ढापतात, गळ्यातली चेन खेचतात, नशा करतात, मारामाऱ्या करतात. भिंतीच्या पलीकडं कॉलेज, त्याचं हिरवंगार मैदान. भिंतीच्या अलीकडं उकिरडा. एक रिटायर होत आलेला मास्तर ह्या पोरांना पैसे देऊन फुटबॉल खेळायला लावतो, आणि मग खेळाचीच नशा चढते. मूळ गोष्ट खरी आहे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीचा फुटबॉल उभा केला, त्यातली पोरं पुढं बेघरांच्या जागतिक स्पर्धेत खेळली. होय, बेघरांचा वर्ल्डकप असतो. २००३ साली ऑस्ट्रियात ग्राझ गावी पहिला झाला. आपल्याकडं बेघर एवढे, पण वर्ल्डकप आहे हे सिनेमा येईस्तोवर किती जणांना ठाऊक होतं?

आता चोऱ्यामाऱ्यांचं बोलू. १९७५ चा 'दीवार' आठवा. सलीम-जावेदनं लिहिलेला, यश चोप्राचा. त्यातला विजय लहानपणी फुटपाथवर झोपतो, बूटपॉलिश करतो. मोठा होऊन स्मगलर होतो, आणि ज्या इमारतीच्या बांधकामावर आईनं ओझी वाहिली ती अख्खी इमारतच आईसाठी विकत घेतो. बेघर पोरगं, गुन्हा आणि दौलत, सगळं त्यात आहे. ह्याच शहाण्यासुरत्यांनी, नाहीतर त्यांच्या बापांनी, शिट्ट्या मारल्या, चिल्लर उधळली, तशी केसं कापून घेतली. 'एवढी स्मगलिंग कशाला दाखवायची' असं कुणी म्हणालं नाही. विजयला शिस्त पाहिजे असंही कुणी म्हणालं नाही. उलट डोळे पुसले. त्याच्या गुन्ह्याला कारण होतं, बापावर अन्याय झाला होता, पोराच्या हातावर गोंदलं होतं. आणि त्याचं आडनाव वर्मा होतं.

सत्तेचाळीस वर्षांनी तोच अमिताभ पडद्यावर आला, नावही विजयच. फक्त ह्या वेळी चोर तो नाही, चोर त्याच्या समोर उभी आहेत. गालफडं बसलेली, काळी, भाषा नागपुरी, चालणं आपल्या गल्लीतलं. ह्यांच्या हातावर काय गोंदलंय ते बघायला कुणी तयार नाही. ती पोरं एका रांगेत बसून आपापली कहाणी सांगतात तो प्रसंग सिनेमात आहे. तेवढ्या वेळात प्रेक्षक चिवडा आणायला जातो.

म्हणजे चोरीचं वावडं नाही तुम्हाला. चोर देखणा पाहिजे, उंच पाहिजे, आणि आपल्यातला पाहिजे.

जयंतीचं तर विचारूच नका. हिंदी-मराठी सिनेमात गणपतीच्या आरत्या किती झाल्या, करवा चौथ किती झाले, त्याची मोजदाद नाही. ते असलं की त्याला संस्कृती म्हणायचं. बाबासाहेबांचा फोटो पडद्यावर आला, पोरं निळ्या गुलालात नाचली, की लगेच सिनेमात जात आली! जात तर थेटरात आधीच होती राव, तिकीट काढून खुर्चीत बसली होती. फोटो आल्यावर ती नुसती चुळबुळली.

आणि एक कडू गोष्ट सांगतो, गोड मानून घ्या. हे मत आपल्यातल्याही काहींचं आहे. नोकरीत लागलेले, कॉलनीत प्लॉट घेऊन बंगला बांधलेले, गेटवर नेमप्लेट. ते म्हणतात, 'आपली पोरं अशी दाखवली, बदनामी झाली.' अहो साहेब, तुमची पोरं कुठं दाखवली? तुमची पुण्याला शिकताहेत. दाखवली ती तुम्ही मागं सोडून आलेल्या वस्तीतली. दलित ब्राह्मण हा शब्द आम्ही घडवला नाही, पण तो कुणासाठी घडला ते हे मत ऐकल्यावर कळतं.

'पुढं लांबला' म्हणणाऱ्यांचं बघा. कॉलेजच्या टीमशी मॅच होते, वस्तीची पोरं जिंकतात, तिथं पाहुणे टाळ्या वाजवून मोकळे. नंतर येतं ते खरं. पासपोर्ट पाहिजे, त्याला दाखला पाहिजे, दाखल्याला रहिवासाचा पुरावा. एक आदिवासी बाप पोरीला घेऊन ह्या दारातून त्या दारात फिरतो, आपण आहोत हे सिद्ध करायला. डॉन नावाच्या पोराचं परदेशी जाणं पोलिस केसमुळं अडतं, मास्तराला कोर्टात उभं राहून बोलावं लागतं. ज्याचा जातीचा दाखला, रेशनकार्ड, सात-बारा जन्माआधीच घरात तयार असतो त्याला हे लांबलेलंच वाटणार. तहसीलच्या ओट्यावर दिवस घालवलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, फार आटोपता घेतला.

पोलिस केसनं कुणाचं काय अडतं, याचा हिशेब आपल्याच गावात मांडू. नागपूरला जायला नको.

जळगाव म्हंजे सुवर्णनगरी. इथल्या सराफ बाजारातलं सोनं शुद्ध, लांबून लांबून लोक येतात. ह्याच जळगावात नव्वदच्या दशकात नगरपालिकेनं झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी घरकुलं बांधायची योजना काढली. हजारो घरं. कर्ज काढलं, ठेका दिला, पैसा गेला. घरं? ठरल्यासारखी झाली नाहीत. २९ कोटींचा घोटाळा म्हणून २००६ साली गुन्हा नोंदला गेला. धुळ्याच्या विशेष कोर्टानं निकाल दिला, ४८ जण दोषी. त्यात दोन माजी मंत्री. सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड, गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं. निकालाची तारीख ३१ ऑगस्ट २०१९.

ही तारीख जरा ध्यानात ठेवा. इंग्रजानं १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा उठला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या ती तारीखही ३१ ऑगस्टच, साल १९५२. योगायोग आहे, पण बोलका आहे. पोटात असताना चोर ठरलेल्यांना सुटायला ऐंशी वर्षं लागली, आणि कोर्टानं दोषी ठरवलेल्यांना कुणी चोर म्हणेना. अपिलं झाली, जामीन झाले, तो त्यांचा कायदेशीर हक्क, आमची त्याला ना नाही. देवकर २०२४ ला जळगाव ग्रामीणमधून विधानसभेला उभे राहिले. इकडं कोर्टाचा निकाल व्हायच्या आधीच वस्तीतल्या पोराचा पासपोर्ट अडतो.

बेघर पोरं आणि दौलत यांचा गुन्हेपट तुम्हाला बघायचा होता ना? तो आपल्या गावात वीस वर्षं चालू आहे. त्यावर तुमचं मत काय? एस.टी.त कुणी बोलताना ऐकू आलं नाही. 'असल्या पुढाऱ्यांना शिस्त पाहिजे' असं पंगतीत कुणी म्हणालं नाही. बहुतेक जेवणाची पत्रिका तिकडूनच आली असेल.

'झुंड'मधल्याच एका पोराला नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूर पोलिसांनी चोरीच्या आरोपावरून पकडलं. तेव्हा आपल्याकडच्या मोबाईलवर केवढा आनंद झाला! 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो? कितीही अमिताभच्या शेजारी उभं करा, जात दाखवलीच.' ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या पोराचा नागपुरातच खून झाला. तेव्हा मतं आली नाहीत. सिनेमानं कोट्यवधींचा धंदा केला की नाही याच्या चर्चा झाल्या, पण सिनेमा संपल्यावर वस्तीतल्या पोरानं कुठं जायचं याची चर्चा झाली नाही. ही चर्चा आम्हाला मंजुळेंशीही करायची आहे, तो आपला माणूस आहे म्हणून.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं, मतच तर आहे. मतानं काय होतं ते साक्री तालुक्यात बघा. धुळे जिल्हा, राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले. पार सोलापूर जिल्ह्यातून, पोटासाठी. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाईलवरून गावोगाव पोचल्या होत्या. लोकांनी ऐकलं होतं, बघितलं होतं, मत बनवलं होतं. त्या मताला फक्त चेहरा हवा होता. कपडे मळके, बोली परकी, घर नाही. जुळलं. पाचही जणांना ठेचून मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत. आणि त्याचाही व्हिडिओ काढला. तोही लोकांनी बघितला.

मारणारे कुणी सावकार-जमीनदार नव्हते. आदिवासी पाड्याची, हातावर पोट असलेली माणसं होती. २०२४ साली धुळ्याच्या कोर्टानं सात जणांना जन्मठेप दिली. गरिबानं गरिबाला मारलं, गरीबच आत गेला. बेघर दिसला की चोर समजायचं, हे मत वरून खाली झिरपत झिरपत कुठवर येतं ते बघा. ह्याच धुळ्यात १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी आले होते, लळिंगच्या बंगल्यात राहिले होते. दर ३१ जुलैला आपण तिथं जमतो, भाषणं करतो. राईनपाड्याला आपल्यापैकी किती जण गेले?

भुसावळ जंक्शनवर बाटल्या गोळा करणारी पोरं आहेत. नागपूरची गाडी तिथूनच जाते. त्यांनी मोबाईलवर 'झुंड' बघितला, तुकड्यातुकड्यानं, बॅटरी पुरेल तसा. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं म्हणून आम्ही विचारलं. मॅचबद्दल ती भरपूर बोलली. अमिताभबद्दल फार नाही. त्यातलं एक, तेरा-चौदा वर्षांचं असेल, सारखं कोर्टाच्या सीनवर येत होतं. त्याला एकच कळून घ्यायचं होतं, डॉनच्या वकिलाचे पैसे कुणी भरले.