जुगाऱ्याच्या समोर कोण?

द्यूताचा विषय निघाला की आपल्या समीक्षेला एकच माणूस दिसतो, तो म्हणजे जुगारी. त्याचे मन, त्याची आसक्ती, त्याचा अधःपात आणि शेवटी त्याची नियती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून दस्तयेवस्कीच्या १८६६ सालच्या 'जुगारी'पर्यंत आपण हाच माणूस वाचत आणि शिकवत आलो. त्याच्या समोर कोण आहे, डाव कोणाच्या पैशावर चालतो, नियम कोणी केले, हे प्रश्न अर्थशास्त्राचे किंवा पोलिसांचे, साहित्याचे नव्हेत, अशी आपली सोयीची समजूत आहे. या समजुतीने आपल्या वाचनाचे आणि त्याहून अधिक आपल्या अध्यापनाचे नुकसान केले आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

दोष आधी स्वतःच्या पदरात घेऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातला एक विद्यार्थी परीक्षाशुल्काचे पैसे मोबाइलवरच्या ब्लॅकजॅकमध्ये हरून आमच्याकडे आला. आम्ही दोघांनी त्याला सभापर्व ऐकवले. धर्मराजालाही मोह आवरला नाही, तेथे तुझी काय कथा, संयम हवा, विवेक हवा, इत्यादी. त्याने निमूट ऐकून घेतले आणि जाताना एवढेच म्हणाला, "सर, समोरचा कधी चुकतच नाही. तो सतराला थांबतोच." ही पळवाट आहे असे आम्हाला वाटले. ब्लॅकजॅकमधले आम्हाला ओ की ठो कळत नव्हते, हे सांगायला आज संकोच वाटत नाही.

खेळ दिसायला सोपा आहे. पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, २१ ओलांडायचे नाही. टेबलाशी कितीही खेळाडू असोत, प्रत्येकाचा सामना फक्त बँकरशी. आणखी पान घ्यावे की थांबावे, पैज दुप्पट करावी की जोडी फोडावी, हे खेळाडूला क्षणोक्षणी ठरवावे लागते. बँकरला ठरवायचे काहीच नसते. १६ पर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे, १७ ला थांबलेच पाहिजे. काही टेबलांवर एक्का ११ धरून झालेल्या १७ वर तो आणखी एक पान घेतो, पण तेही नियम सांगतो म्हणून. कॅसिनोत बँकरच्या वतीने पाने वाटणारा डीलर हा पगारी नोकर. पैसा त्याचा नाही आणि समोरच्याला हरवण्याची ईर्षाही त्याला बाळगावी लागत नाही.

मग बँकर जिंकतो कसा? उत्तर क्रमात आहे. आधी खेळाडू खेळतो. त्याने २१ ओलांडले की पैज तत्क्षणी गेली. पुढे बँकरनेही २१ ओलांडले तरी ती परत मिळत नाही. बँकर शंभरात साधारण २८ वेळा ओलांडतो. खेळाडूने हुबेहूब बँकरसारखेच खेळायचे ठरवले, तर दोघेही ओलांडतील असे डाव शंभरात सुमारे ८ निघतात आणि ते आठही बँकरच्या खात्यात जातात. पहिल्या दोन पानांतच २१ झाले तर खेळाडूला दीडपट मिळते, त्यातून थोडी भरपाई होते. तरी साडेपाच टक्क्यांच्या आसपास तूट उरतेच. गणिताने सिद्ध केलेल्या उत्तम पद्धतीने खेळले तर ती अर्ध्या टक्क्याच्या जवळ येते, एवढेच. पाने खुणेची असावी लागत नाहीत. आधी कोणी खेळायचे हे ठरवले की पुरते.

बँकर नेहमीच असा नव्हता. या खेळाच्या जुन्या घरगुती रूपांत, उदाहरणार्थ इंग्रजी पाँटूनमध्ये, बँकर हा मंडळींपैकीच एक असे. पान घ्यावे की थांबावे हे तो स्वतः ठरवी. भित्रा असे, लोभी असे, चुके. शिवाय ज्याला पहिल्या दोन पानांत २१ मिळत त्याच्याकडे बँक जाई. आजचा खेळाडू उद्याचा बँकर होऊ शकत असे. कॅसिनोने ही दोन्ही दारे बंद केली. बँक फिरेनाशी झाली आणि बँकरची इच्छा नियमात विरून गेली.

आता सभापर्वाकडे पुन्हा पाहावे. सभागृह धृतराष्ट्राच्या आज्ञेने उभे राहते. आमंत्रण त्याचेच जाते. पणाला लावायचे धन दुर्योधनाचे आणि फासे टाकणारा हात शकुनीचा. जागा, भांडवल आणि हात अशी ही तीन ठिकाणी झालेली वाटणी. एकाने दुसऱ्यासाठी खेळावे हे विषम आहे, असा आक्षेप खुद्द युधिष्ठिर घेतो आणि तरीही खेळायला बसतो. व्यासांनी हा आक्षेप नोंदवून ठेवला. आपण मात्र तो ओलांडून धर्मराजाच्या व्यसनाकडे धावलो. शकुनी कपटाने खेळतो असे ग्रंथ सांगतो, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या कपटावर आपण इतके लुब्ध झालो की बापाच्या हाडांच्या फाशांची, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नसलेली, कथाही आपल्याला हवीहवीशी वाटते. एक खलपुरुष सापडला की व्यवस्थेची चौकशी करावी लागत नाही. पण म्हणे, 'जिंकले का?' असे अधीरपणे विचारणारा धृतराष्ट्र तेथेच बसलेला असतो.

यावर आमचे मित्र म्हणतील, साहित्य माणसाचे असते, नियमाचे व्यक्तिचित्र कोण काढणार? शूद्रकाने काढले आहे. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकातला माथुर हा द्यूतगृहाचा चालक. दहा सुवर्णांसाठी तो संवाहकाच्या मागे लागतो, त्यात द्वेष नाही, वसुली आहे. वसंतसेनेचे कंकण हाती पडताच त्याचा राग मावळतो. पुश्किनच्या 'इस्पिकच्या राणी'तला चेकालिन्स्की हसतमुखाने पाने वाटतो. हेरमानचा सर्वनाश झाल्यावर तो पुन्हा पाने पिसतो आणि खेळ चालू राहतो. कौटिल्याने तर जिंकलेल्या रकमेवर शेकडा ५ असा अध्यक्षाचा वाटा लिहूनच ठेवला. आपल्या भाषेतही अड्डेवाल्याच्या या हिश्शाला 'नाल' हा शब्द आहे. तो शब्द समीक्षेत मात्र कधी आला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बुद्धीने बँकरला हरवता येते ना? येते. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली 'बीट द डीलर' लिहून, गेलेली पाने मोजत खेळले तर तूट खेळाडूच्या बाजूने उलटते, हे दाखवले. आपल्या नलोपाख्यानातला ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखवतो आणि नळाला अक्षहृदय देतो, त्याचीच ही आठवण. पण पुढचा भाग वेगळा आहे. नळ पुष्कराकडून राज्य परत जिंकतो, कारण पुष्कर हा प्रतिस्पर्धी खेळाडू आहे. बँकर असता तर त्याने नळाला दारातूनच परत पाठवले असते. लास व्हेगासच्या कॅसिनोंनी १९६४ साली नियम कडक केले. गिऱ्हाईक रोडावले तेव्हा ते मागे घेतले. पाने मोजणाऱ्यांना बाहेर काढण्याची मुभा नेवाडात आहेच. अलीकडे अनेक टेबलांवर दीडपटीच्या जागी ५ ला ६ एवढेच मिळते. खेळाडू शिकला की नियम बदलतो, आणि बदलण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असतो.

२०२५ साली केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने बँकरकडे पाहिले, आणि साहित्याचे प्राध्यापक अजून जुगाऱ्याचा स्वभावदोष तपासत आहेत. 'युधिष्ठिराच्या व्यक्तिरेखेतील उणिवा स्पष्ट करा' हा प्रश्न आम्हीही अनेकदा काढला. यापुढे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारू : सभा कोणी बांधली, धन कोणाचे होते आणि नियम कोणाला बदलता येत होते? विद्यार्थ्यांनी उत्तर ग्रंथातूनच द्यावे; ते तेथे आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने जाता जाता सांगितले ती पळवाट नव्हती. समोर कोण आहे हे त्याने नीट वाचले होते. आम्ही तेव्हा त्याला फक्त उपदेश केला.