आरोग्य : काखेतला काळा डाग

धानाची रोवणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात धुऱ्यावरचं गवत कमरेइतकं वाढतं. ते कापायला, निंदायला बहुतेक बायकाच जातात, आणि याच दिवसांत ताप घरात शिरतो. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, मग काय?

2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण एकामागून एक आले, काही दगावले, तेव्हा हे नाव विदर्भात सगळ्यांच्या कानी पडलं. रोग मात्र नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात त्यानं हजारो सैनिक आजारी पाडले होते. गवतातल्या चिगर नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चावण्यातून रिकेट्सिया कुळातला जंतू अंगात जातो. माणसापासून माणसाला होत नाही, म्हणून रुग्णाला वेगळं टाकू नका.

चावल्यावर साधारण दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू होते. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि असते कुठे? काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या नाडीजवळ. नेमकी तीच जागा आपल्या घरातली बाई डॉक्टरला दाखवत नाही. इलाजाच्या गरजेपुरतं दाखवायला शरीअतची मनाई नाही, हे उलेमा सांगतातच. तेही जड वाटत असेल तर ताप आल्यावर आई-मुलीनं, नणंद-भावजयीनं एकमेकींचं अंग बघावं आणि डॉक्टरला नुसतं सांगावं. खपली सगळ्यांनाच येते असं नाही, म्हणून 'गवतात काम केलं होतं' हेही सांगायचंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा आजार सर्वांत कमी ओळखला जाणाऱ्या तापांपैकी एक आहे. आपल्याकडे सरकारच्या रोग सर्वेक्षणात त्याची नोंद होते, पण डॉक्टरला शंका आली तरच ना! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 2015 मध्येच सांगून ठेवलंय की शंका आली तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करा. औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन, अगदी स्वस्त गोळी. वेळेत मिळाली तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू. मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिकनं हा जंतू बहुधा मरत नाही, दिवस तेवढे वाया जातात.

लस अजून निघालेली नाही. पूर्ण बाह्या घाला, गवतावर बसू नका, कपडे झुडपावर वाळत टाकू नका, शेतातून आल्यावर साबणानं अंघोळ करून कपडे बदला. गरोदर बाईला वेगळी गोळी देतात, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरला ते आधी सांगा.