गाळ्याची वीज तुटली, नुकसान कोणी भरायचे?

सोलापुरात शालेय गणवेश शिवणाऱ्यांचा खरा हंगाम जूनच्या आधीचा. त्या दिवसांत भाड्याच्या गाळ्याची वीज तीन-चार दिवस गेली, तर ऑर्डर हातची जाते आणि बसून राहिलेल्या कारागिरांची मजुरी अंगावर पडते. भाडे मात्र पूर्ण द्यावेच लागते. आपल्या वस्त्यांतून शिलाई, झेरॉक्स, मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात उतरणारी मुले-मुली बहुतेक भाड्याच्याच जागेत आहेत. म्हणून हा विषय आम्हाला वकिलांवर सोडून चालणार नाही असे वाटते.

वीज कशामुळे गेली, हे आधी पाहावे लागते. महावितरणच्या लाईनमध्ये बिघाड झाला तर मालकाला दोष देता येत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 57 मध्ये सेवेत कसूर झाल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे, पण बुडालेल्या धंद्यापुढे ती किरकोळ असते. मालकाने सबमीटरचे पैसे दरमहा घेतले आणि बिलच भरले नाही, तर गोष्ट वेगळी. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते (कलम 56). पण मीटर मालकाच्या नावावर, म्हणून नोटीसही त्याच्याच नावाने. गाळ्यातल्या माणसाला कळते ते मशीन थांबल्यावर.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे गाळा रिकामा करून घेण्यासाठी मालकानेच वीज-पाणी तोडणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 ने याला मनाई केली आहे, आणि ती दुकान-व्यवसायाच्या जागेलाही लागू आहे. भाडेकरू न्यायालयात गेला तर पुरवठा पुन्हा सुरू करण्याचा आदेश मिळू शकतो. तो आदेश मालकाने पाळला नाही तर दंड किती? दिवसाला जास्तीत जास्त 100 रुपये! हा दंडही भाडेकरूच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई नव्हे. हा आकडा बदलण्याची मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी.

नुकसान मागायचे तर करार कायदा 1872 चे कलम 73 आहे. करार मोडल्याने सहज होणारे, किंवा होऊ शकते हे करार करतानाच दोघांना ठाऊक असलेले नुकसान त्यात मागता येते. म्हणून 'विजेवर चालणाऱ्या शिलाई मशीनसाठी गाळा' एवढी ओळ करारात असणे मोलाचे आहे. वीजबिल कोण भरणार, बोअर बंद पडला तर पाण्याची सोय कोणाची, हेही लिहून घ्यावे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात दुसरा मुद्दा कमी महत्त्वाचा नाही.

पण करार असतो कुठे? बहुतेक व्यवहार तोंडी. कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे; त्याने तो केला नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. आजकालच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र आपण कायद्याने 'भाडेकरू' राहत नाही. मग कलम 29 चा आधार मिळणे कठीण, सारी मदार करारातल्या शब्दांवर.

मीटर स्वतःच्या नावावर घेणे हा आमच्या मते सर्वांत पक्का उपाय. कलम 43 प्रमाणे मालकासोबत जागेचा ताबेदारही वीज मागू शकतो. मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात म्हटले आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना 1943 मध्ये बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. ती वीज आज गाळ्याच्या दारापर्यंत आली आहे, पण मीटरवर नाव दुसऱ्याचे आहे.

वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसणाऱ्यांसाठी एक माहिती. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बौद्धांना 1990 पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला, भाड्याच्या पावत्या आणि सबमीटरच्या पैशांचा हिशोब घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.