सुलह करा, पण कागदावर

माझे मामू उमरगा तालुक्यातले सेंटरिंग मिस्त्री. काही वर्षांपूर्वी त्यांनी गावातल्याच एका ओळखीच्या माणसाच्या घराचा स्लॅब टाकून दिला. स्क्वेअर फुटाचा दर तोंडी ठरला होता. काम संपल्यावर मालक म्हणाला, "स्लॅब गळतोय, राहिलेले 60 हजार मिळणार नाहीत." मामूंचे म्हणणे होते, पाणी टाकीच्या पाइपातून येते. दोघेही जुम्याला एकाच सफमध्ये उभे राहणारे. बुजुर्गांनी बैठक घेतली आणि सांगितले, "निम्मे घ्या, निम्मे सोडा, कोर्टाची पायरी चढू नका." मामूंनी मान्य केले. ते निम्मेही आले नाहीत. ईदनंतर देतो, सुगीनंतर देतो, असे ऐकता ऐकता आम्ही वकिलाकडे गेलो, तेव्हा तीन वर्षे उलटली होती. दावा मुदतीबाहेर गेला होता.

तरीही कोर्टाबाहेर मिटवण्याचा सल्ला चूक होता, असे मी म्हणणार नाही. मजुराला प्रत्येक तारखेला एका दिवसाची हजेरी बुडवावी लागते. सुलह चांगली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच कुरआनात सूरह बकराची 282वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. आपण पहिली गोष्ट लक्षात ठेवली, दुसरी विसरलो. कागद नसला की तडजोडीत नेहमी गरीबच झुकतो.

मोठ्या शहरांत महारेराचा सलोखा मंच 2018 पासून आहे. तिथे ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटना यांचे प्रतिनिधी एकत्र बसून वाद मिटवतात. पण रेरा हा 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पांचा कायदा. धाराशिवच्या गावांत मालक स्वतःच मिस्त्री लावून घर बांधतो. त्याला हा मंच उपयोगाचा नाही.

आपल्यासाठी दुसरा रस्ता आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल करण्याआधीच अर्ज करता येतो आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे फी नाही. दोघे राजी झाले तरच निवाडा होतो. पण एकदा झाला की त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी ताकद असते आणि त्यावर अपील नाही. बैठकीत ठरलेली गोष्ट तिथे नेऊन पक्की केली असती, तर मामूंना दारोदार फिरावे लागले नसते. मोफत माहितीसाठी 15100 हा क्रमांक आहे.

बैठक चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. केलेल्या कामाचे पैसे मागण्याचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. त्या आत मालकाने "इतके देणे बाकी आहे" असे लिहून सही दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. आणि गळतीसारख्या वादात आवाज कोणाचा मोठा हे न पाहता तटस्थ इंजिनिअरला बोलवा. स्लॅबवर पाणी साठवून पाहिले की खरे काय ते कळते.

काही गोष्टी मात्र बैठकीत मिटवायच्याच नसतात. कामावर मजुराचा जीव गेला, तर कायद्याप्रमाणे भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात काही रक्कम ठेवून सही घेतली म्हणजे मालक सुटला, असे होत नाही. तसेच पाया, कॉलम आणि सळईतली खोट पैशांवर झाकू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपल्या सास्तूरने जड छताखालची माणसे गमावली आहेत.

तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा, चाचा, भाई गवंडी, फरशीवाले, फॅब्रिकेशनवाले आहेत. त्यांना लिहिता येत नसेल, तर तुम्ही लिहा. दर, काम कोणते, माल कोणाचा, उचल किती, कोणता हप्ता कधी, वाद झाला तर कोणाकडे जायचे. दोन सह्या, दोन साक्षीदार. एका पानात मावते.

मामू आता उचल घेण्याआधी माझ्याकडून तो कागद लिहून घेतात. एक मालक रागावून निघून गेला. मामू म्हणाले, "गेला तर जाऊ दे. आधीच कळलं, बरं झालं."