ग्रँट रोडचा ग्रँट कोणता?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. अध्यक्षपद सोडून दोन वर्षे होत आली होती आणि ते जगप्रवासाला निघाले होते. मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. तिथून जवळच एक रस्ता कित्येक वर्षांपासून त्यांच्याच आडनावाने ओळखला जात होता, पण त्या रस्त्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा. पाहुणे पुढे जबलपूर, अलाहाबादकडे गेले. त्या काळी तिकडे जाणारी रेल्वे एकच, ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपीची: कसारा घाट, नाशिक, मनमाड, नांदगाव, भुसावळ. म्हणजे अमेरिकेचे ग्रँट नांदगाव ओलांडूनच गेले असणार. नाशिक जिल्ह्यातले हे नांदगाव तेव्हा आडबाजूचे स्टेशन नव्हते. मनमाडहून औरंगाबादकडे रूळ पडण्याआधी वेरूळची लेणी बघायला निघालेला प्रवासी इथेच उतरायचा आणि पुढची वाट बैलगाडीने किंवा टांग्याने धरायचा. ज्या गावावरून ग्रँट गेले तिथे त्यांचे नाव नाही आणि जिथे ते नाव आहे तिथला ग्रँट वेगळाच.

माणसांची आणि ठिकाणांची नावे जुळणारच. अडचण सुरू होते ती आपल्या पाट्यांपासून. आपण नाव लिहितो, पण ते का दिले याचा एक शब्दही खाली लिहीत नाही. दोन पिढ्या सरल्या की कारण विसरले जाते आणि ती रिकामी जागा त्याच नावाचा जास्त गाजलेला माणूस बळकावतो. महाराष्ट्रातली काही जुनी नावे नुसती ओळीने वाचली, तर अमेरिकेच्या अध्यक्षांची यादी वाचतोय असे वाटेल: ग्रँट रोड, ऑर्थर रोड, कार्टर रोड, विल्सन कॉलेज. यातला एकही माणूस व्हाइट हाउसमधला नाही. ऑर्थर रोड ज्यांच्या नावाचा ते सर जॉर्ज ऑर्थर १८४२ ते १८४६ मुंबईचे गव्हर्नर होते. चेस्टर ऑर्थर अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते थेट १८८१ मध्ये. विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे, १८३२ साली शाळेच्या रूपात सुरू झालेले.

सर्वांत चकवा देणारे उदाहरण नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन डॅम म्हटले गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२४ मध्ये, अमेरिकेत अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर एक धरण पुरे झाले. त्याचेही नाव विल्सन डॅम, आणि ते मात्र खरोखर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावाचे. शाळेतल्या मुलाने इंटरनेटवर ‘विल्सन डॅम’ शोधले तर तो भंडारदऱ्याला पोचेल की अलाबामाला, हे सांगता येत नाही. ‘मोबाइलवर सगळे मिळते, पाट्या कशाला हव्यात?’ असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. मोबाइल जो जास्त प्रसिद्ध त्याला पुढे करतो. आपल्या गावातला कोण, हे गावानेच सांगायचे असते.

जिमी कार्टर यांच्या बाबतीत तर गंमत नाही, खंत वाटावी असे घडले आहे. त्यांची आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकी सरकारच्या पीस कोअर योजनेची स्वयंसेविका म्हणून विक्रोळीला आली आणि सुमारे दोन वर्षे तिने तिथे परिचारिकेचे काम केले. पुढे २००६ मध्ये स्वतः कार्टर, अध्यक्षपद सोडल्याला पंचवीस वर्षे झाली असताना, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात स्वयंसेवकांबरोबर घरे बांधायला उभे राहिले. बांद्र्याचा कार्टर रोड मात्र यापैकी कशाचीच आठवण नाही. जिमी कार्टर राजकारणात येण्याच्या कितीतरी आधीपासून तो त्या नावाने ओळखला जातो. हरियाणात दौलतपूर नसिराबाद हे गाव १९७८ मध्ये कार्टर तिथे येऊन गेल्यावर कार्टरपुरी झाले. तिथे नाव आणि कारण एकत्र राहिले. विक्रोळी आणि पाटणला कारण आहे, नाव नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ही गोऱ्या साहेबांची नावे, ती उलगडून सांगण्यापेक्षा काढूनच टाका ना. काही नावे काढली गेलीच आहेत. ऑर्थर रोड कागदावर साने गुरुजी मार्ग आहे, ग्रँट रोड मौलाना शौकतअली मार्ग आहे, कार्टर रोड नौशाद अलींच्या नावाचा आहे. मुंबईच्या करी रोड, सँडहर्स्ट रोड अशा स्थानकांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नाव बदलण्याचा लोकांचा हक्क मला मान्य आहे आणि काही नावे बदललीच पाहिजेत. पण लोकांच्या तोंडी आजही ऑर्थर रोडच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नवे नावही जुन्याच वाटेने जाते. साने गुरुजी कोण, हे पाटीवर कोणी लिहिले नाही, तर पन्नास वर्षांनी त्यांचाही नुसता पत्ता होऊन बसेल. शिवाय प्रत्येक साहेब एकाच मापाचा नव्हता. रॉबर्ट ग्रँट यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ज्यूंना समान नागरी हक्क मिळावेत म्हणून विधेयक मांडले होते. त्यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड शिकले. ग्रँट रोडवरच्या नाटकगृहासाठी जागा दिली जगन्नाथ शंकरशेटांनी, आणि तिथे १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचे प्रयोग केले. हे ठाऊक असलेल्या माणसाने नाव बदलायचे ठरवले तर तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असेल.

नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो तो जॅक्सन या नावाने. अँड्र्यू जॅक्सन हे अमेरिकेचे सातवे अध्यक्ष, तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावणारा १८३० चा कायदा त्यांच्या सहीचा. नाशिकचा जॅक्सन दुसरा. कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोककथा आणि रीतिरिवाज टिपून ठेवणारा अभ्यासक होता आणि त्याच वेळी बाबाराव सावरकरांवर राजद्रोहाचा खटला भरणाऱ्या राजवटीचा जिल्ह्यातला हात होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला तो आला असता अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे, तिथे रणजी सामने होतात. पण रिक्षावाल्याला सांगताना अजूनही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने जीव दिला आणि त्याचे नाव धावफलकापुरते उरावे, हे मला सहन होत नाही. जॅक्सन कोण होता हे सांगितल्याशिवाय कान्हेरे कोण होते हे सांगताच येत नाही, म्हणून मारणारा आणि मेलेला दोघांचीही ओळख त्या शहरात लिहिलेली हवी.

प्रत्येक नावाखाली ओळखीची एक ओळ लिहायला खर्च येईल, हा मुद्दा मला पटत नाही. पाट्या रंगवल्या जातात, नव्या बसतात, निवडणुकीच्या तोंडावर तर हमखास बसतात; त्याच पत्र्यावर आणखी एक ओळ मावते. वाद होतील हा मुद्दा खरा आहे. कोणाबद्दल काय लिहायचे यावर भांडणे होतील. म्हणून ओळीत स्तुती नको, निंदा नको: पूर्ण नाव, काळ आणि त्या जागेशी संबंध, एवढेच. त्यावर भांडायला फार कमी उरते.

खरे तर सारख्या नावांवरचा उपाय आपल्या गावगाड्यात जुनाच आहे. नांदगाव नावाची गावे किती! अमरावतीचे नांदगाव खंडेश्वर, कणकवलीजवळचे नांदगाव, मुरूडजवळचे नांदगाव, छत्तीसगडातले राजनांदगाव. घोळ होऊ नये म्हणून कोणी देवाचे नाव जोडले, कोणी तालुका-जिल्हा जोडला. इतर ठिकाणी बुद्रुक आणि खुर्द करून भागवले. पत्र बरोबर घरी पोचावे एवढ्यासाठी गावांनी ही काळजी घेतली. माणसांच्या नावांसाठी ती कोणीच घेतली नाही.

नांदगाव आणि मनमाडच्या नगरपरिषदांनी सुरुवात करावी. आपल्या हद्दीतला प्रत्येक चौक, रस्ता, वाचनालय आणि सभागृह कोणाच्या नावाचे आहे, याची यादी करावी. जुन्या शिक्षकांना आणि वयस्कर रहिवाशांना ते हयात आहेत तोवर विचारून घ्यावे, आणि पुढच्या रंगकामात प्रत्येक नावाखाली एक ओळ लिहावी. नांदगाव स्टेशनवर रेल्वेने एक फलक लावावा, की वेरूळला जाणारे प्रवासी एके काळी इथे उतरत असत. नाशिक महापालिकेने कान्हेरे मैदानाच्या दारावर २१ डिसेंबर १९०९ ही तारीख ठळक अक्षरांत कोरावी.